विद्यार्थ्यांची छायाचित्रे आणि पालकांची संमती

स्वातंत्र्यदिनाच्या सकाळी आष्टा गावी व त्याच्या भोवतालच्या वाड्यावस्त्यांवरील शाळांत ध्वजारोहण होते, राष्ट्रगीत संपते, आणि खाऊचे वाटप सुरू होण्यापूर्वीच त्या समारंभाची छायाचित्रे सांगलीपासून मुंबईपर्यंत पोहोचलेली असतात. मुख्याध्यापक ती केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवितात. शाळा व्यवस्थापन समितीचे एखादे सदस्य ती आपल्या ‘स्टेटस’वर ठेवतात. पाहुणे म्हणून आलेल्या गृहस्थांचा कार्यकर्ता तीच छायाचित्रे फेसबुकवर चढवितो. ह्या व्यवहारात वाईट हेतू कोणाचाही नसतो. शाळेचे नाव व्हावे, गावकऱ्यांस समाधान वाटावे, वरिष्ठांना कामाचा पुरावा मिळावा, एवढाच काय तो उद्देश. तथापि पुढच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलीला, अथवा तिच्या आईला, हे चित्र कोठे जाणार आहे, हे कोणी सांगितलेले नसते आणि चालेल काय, असे विचारलेलेही नसते. प्रस्तुत लेखात ह्या न विचारण्याचाच विचार करावयाचा आहे.

माणसाचे चित्र त्याच्या इच्छेविना इकडेतिकडे जाऊ नये, ही कल्पना केवळ कायद्याच्या पुस्तकातून आलेली नाही. मुलीसाठी स्थळ पाहताना तिचा फोटो व पत्रिका वरपक्षाकडे पाठविण्याची पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. स्थळ जमले नाही की फोटो व पत्रिका परत येत, आणि त्या वेळेवर न आल्यास मुलीच्या वडिलांना चैन पडत नसे. फोटो दिलेला असे तो पाहण्यासाठी. ठेवून घेण्यासाठी नव्हे, आणि चारचौघांत फिरविण्यासाठी तर नव्हेच. बाजारपेठेतील छायाचित्रकाराने गिऱ्हाइकाच्या मुलीचा फोटो मोठा करून दुकानाच्या काचेत लावला, तर घरची माणसे त्याला जाब विचारावयास जात. एका कामासाठी दिलेले चित्र त्या कामापुरतेच वापरावे आणि काम झाल्यावर परत करावे, हा शिरस्ता निरक्षर माणसांनीही कटाक्षाने पाळला. आज ज्याला ‘विशिष्ट हेतूपुरती संमती’ असे कायदा म्हणतो, ती हीच गोष्ट होय.

मग बदलले काय? पूर्वी चित्र म्हणजे कागद होता. तो एका वेळी एकाच ठिकाणी असे. तो परत मागता येई, फाडता येई, पेटीत कुलूप लावून ठेवता येई. मोबाइलवरील छायाचित्राला मूळ प्रत व नक्कल असा भेदच नाही. ते गटावर टाकताच गटात जितकी माणसे, तितक्या फोनांत त्याच्या प्रती तयार होतात, आणि पाठविणाऱ्याने आपल्या फोनमधून ते पुसले तरी इतरांनी जपून ठेवलेल्या प्रती तशाच राहतात. दुसरे असे की, छायाचित्रात केवळ चेहरा नसतो. पाठीमागच्या भिंतीवर शाळेचे नाव, गाव, तालुका लिहिलेला असतो, गणवेश असतो, फळ्यावर इयत्ता व तारीख असते. त्यातच अलीकडे कार्यालयाकडे पाठविण्याच्या छायाचित्रांवर स्थळाचे अक्षांश-रेखांश, दिनांक व वेळ छापणारी ॲप वापरण्याची पद्धत शिक्षकांत रूढ झाली आहे. काम खरोखर त्या जागी झाले, हे दाखविण्यासाठी ती सोय ठीक आहे. परंतु तेच छायाचित्र जसेच्या तसे जाहीर पानावर गेले, तर अमुक चेहऱ्याचे मूल अमुक वेळी अमुक ठिकाणी सापडेल, हे अनोळखी माणसास आयतेच सांगितल्यासारखे होते. चित्रावर काही छापलेले नसले, तरी फोनमध्ये स्थळनोंदीची सोय चालू असल्यास मूळ फाइलीच्या पोटात ती नोंद असू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

न विचारता वापरलेले चित्र कोठवर जाते, ह्याचे एक उदाहरण मुंबई उच्च न्यायालयापुढे मार्च २०२५ मध्ये आले. महाराष्ट्रातील एका महिलेचे छायाचित्र एका स्थानिक छायाचित्रकाराने काढले व शटरस्टॉक ह्या अमेरिकी कंपनीच्या संकेतस्थळावर तिच्या संमतीविना चढविले, अशी त्या महिलेची तक्रार होती. अशा संकेतस्थळांवर लक्षावधी छायाचित्रे ठेवलेली असतात. शुल्क भरून कोणीही ती उतरवून घेतो व आपल्या जाहिरातीत वापरतो. जाहिरातीसाठी चित्र द्यावयाचे असेल, तर चित्रातील व्यक्तीची लेखी अनुमती छायाचित्रकाराने घेतलेली असावी, असा त्या धंद्याचाच नियम आहे. ह्या प्रकरणात आपणास कोणी काही विचारले नाही, आणि तरीही आपला चेहरा केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाच्या व महाराष्ट्र, तेलंगण, कर्नाटक, ओडिशा ह्या राज्य सरकारांच्या, तसेच काही खाजगी संस्थांच्या जाहिरातींत झळकला, असे तिचे म्हणणे होते. न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी व न्यायमूर्ती अद्वैत सेठना ह्यांच्या खंडपीठाने समाजमाध्यमांच्या ह्या काळात हा प्रश्न गंभीर असल्याचे नमूद करून संबंधितांना नोटिसा काढल्या. ह्यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, चित्र वापरणाऱ्यांपैकी काही शासनसंस्था होत्या आणि जाहिराती लोककल्याणाच्या योजनांच्या होत्या. काम चांगले असले म्हणजे चेहरा फुकट मिळतो, अशी समजूत असणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

त्याच्या आदल्या वर्षीचे, जुलै २०२४ मधील, दुसरे प्रकरण ऐकताना मन अस्वस्थ होते. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यातून एक वृद्ध गृहस्थ सुमारे तीन वर्षांपासून बेपत्ता होते. मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेच्या जाहिरातीत घरच्यांना एकाएकी त्यांचा चेहरा दिसला. माणूस जिवंत असेल, ही आशा त्या कुटुंबाला जाहिरातीने दिली, हे खरे. पण ज्याचा चेहरा वापरला तो कोण, कोठला, हे जाहिरात करणाऱ्यांना ठाऊक नसावे, ह्याचा अर्थ त्याला कोणी विचारले नव्हते, असाच निघतो.

ह्या प्रश्नाचा इतिहास छायाचित्रणाच्या इतिहासाइतका नसला, तरी बराच जुना आहे. हाती धरून झटकन चित्र टिपणारे कॅमेरे बाजारात आल्यावर, १८९० साली अमेरिकेत वॉरेन व ब्रँडाइस ह्या दोन वकिलांनी ‘खाजगीपणाचा हक्क’ हा निबंध लिहिला. पुढे न्यूयॉर्क राज्यात एका पिठाच्या गिरणीने एका तरुण मुलीचे चित्र तिला न विचारता जाहिरातीच्या सुमारे २५,००० पत्रकांवर छापले. ती मुलगी न्यायालयात गेली. १९०२ साली न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तिच्याविरुद्ध निकाल दिला, कारण असा हक्क सांगणारा कायदाच नव्हता. लोकांत असंतोष इतका माजला की, पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, तेथील विधिमंडळाने संमतीविना कोणाचे नाव वा चित्र व्यापारासाठी वापरण्यास बंदी करणारा कायदा केला.

भारतात ह्या हक्काला भक्कम पाया मिळाला तो २४ ऑगस्ट २०१७ रोजी. पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने असे ठरविले की, खाजगीपणाचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. हा हक्क केवळ नामवंतांचा नव्हे. सांगलीत जन्मलेल्या गायिका आशा भोसले ह्यांचे नाव, आवाज व प्रतिमा ह्यांच्या अनधिकृत वापराविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये संरक्षण दिले, ही वार्ता सर्वत्र छापून आली. पण ज्या हक्काच्या आधारे नामवंत व्यक्ती न्यायालयात जाते, त्याच्या मुळाशी असलेले तत्त्व दुसरीच्या वर्गातील मुलासही लागू आहे. फरक एवढाच की त्या मुलाला वकील नाही. त्याच्या बाजूने बोलणारा शाळेत एकच माणूस असतो, आणि बहुधा कॅमेराही त्याच माणसाच्या हाती असतो.

शिक्षकांत एक गैरसमज फार पसरलेला आढळतो: ‘फोटो शिक्षकाने आपल्या फोनवर काढला, तेव्हा तो त्याचाच.’ हे अर्धे खरे आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे छायाचित्राचा हक्क सामान्यतः छायाचित्रकाराचा असतो (कोणी मोबदला देऊन काढवून घेतले असेल, तर वेगळा करार नसल्यास काढवून घेणाराचा). परंतु तो हक्क चित्र ह्या कृतीवरचा आहे. चित्रातील चेहऱ्यावरचा नव्हे. शेतातील आंब्याचे चित्र काढणारा त्या चित्राचा धनी होतो, आंब्याचा होत नाही. दुसरा तितकाच रूढ गैरसमज असा की, ‘फोटो काढताना मुले हसत उभी होती, म्हणजे संमती आलीच.’ काढू देण्याची संमती आणि पसरविण्याची संमती ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये, स्त्रीच्या खाजगी कृतीचे चित्र टिपण्याविषयी, हा भेद स्पष्ट शब्दांत सांगितला आहे: चित्र काढण्यास तिने होकार दिला असला, पण ते इतरांस देण्यास दिला नसला, तर ते पसरविणे हा गुन्हाच होय. शाळेतील साध्या छायाचित्रांस ते कलम लागू नाही, हे उघड आहे. पण त्यामागील तर्क तेथेही तंतोतंत लागू पडतो.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमतीचे लक्षण सांगतो. संमती मोकळेपणाने दिलेली असावी, कोणत्या कामासाठी ती स्पष्ट असावी, देणाऱ्याला पुरती माहिती असावी, आणि दिलेली संमती जितक्या सहजतेने दिली तितक्याच सहजतेने मागे घेता यावी. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची, पडताळून पाहता येईल अशी संमती हवी. ह्या अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि संमतीविषयीच्या तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी अंमलात यावयाच्या, असे ठरविण्यात आले. घरगुती वापर त्यातून वगळलेला आहे. आईने आपल्या मुलाचा फोटो मामाला पाठविला, तर तिला कोणी विचारणार नाही. शाळा मात्र घर नव्हे.

काही मुलांच्या बाबतीत तर पालकांनी होकार दिला तरी छायाचित्र देता येत नाही, आणि ही गोष्ट प्रत्येक शिक्षकाने पक्की लक्षात ठेवली पाहिजे. लैंगिक अत्याचारास बळी पडलेल्या मुलाची ओळख उघड होईल असा कोणताही तपशील (नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा, परिसर) माध्यमांत देण्यास २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम २३ ने मनाई केली आहे. तो भंगल्यास सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अपवाद करावयाचा तो विशेष न्यायालयाने, मुलाच्या हितासाठी आणि लेखी कारणे देऊन. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे कायद्याशी संघर्ष घडलेल्या, काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या, तसेच गुन्ह्यात बळी वा साक्षीदार असलेल्या मुलांचीही ओळख उघड करता येत नाही. गावात एखादी भयंकर घटना घडते तेव्हा लोक हळहळतात, आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ किंवा ‘न्याय मिळालाच पाहिजे’ असे लिहून त्या मुलीचाच फोटो फिरवितात. भावना खरी असते. कृत्य बेकायदेशीर असते. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१८ रोजी निपुण सक्सेना खटल्यात, मृत पीडितेचीही ओळख उघड करू नये, असेच सांगितले आहे. अशा वेळी शाळेच्या नोंदणीपुस्तकातील अथवा जुन्या समूहचित्रातील फोटो मागावयास जी माणसे येतात, त्यांना नकार देणे हे मुख्याध्यापकांचे काम आहे.

एवढी गंभीर घटना नसतानाही चित्र घातक ठरू शकते. आष्ट्याच्या परिसरात गळीत हंगामात ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे येतात व त्यांची मुले शाळांत दाखल होतात. कोणी बाई नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून मूल घेऊन माहेरी आलेली असते. कोणाचा मुलाच्या ताब्याविषयी दावा चालू असतो. कोणाच्या वडिलांनी मनाविरुद्ध लग्न केल्यामुळे दोन्ही घरांशी वैर आलेले असते. ह्या गोष्टी पालक शिक्षकास सांगतातच असे नाही. पुष्कळदा लाजेने सांगतच नाहीत. म्हणून ‘आमच्या शाळेत तसे कोणी नाही’ असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. विचारल्यावर पालकाने ‘नको’ म्हटले, तर कारण विचारू नये. कारण सांगावे लागणार असेल, तर ते नाही म्हणणारच नाहीत.

मोठ्या मुलींच्या बाबतीत वेगळे संकट आहे. चेहरा स्पष्ट दिसणाऱ्या एका साध्या छायाचित्रावरून संगणकाच्या साहाय्याने खोटे अश्लील चित्र तयार करणे आता अवघड राहिलेले नाही. त्यासाठी कसबी माणूस लागत नाही. वर्गातीलच एखादा टवाळ मुलगा ते करू शकतो. नृत्याच्या कार्यक्रमाचे शाळेच्या पानावरील चित्र कच्चा माल म्हणून वापरले जाते. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६७ व मुलांच्या बाबतीत ६७-ब खाली तो गुन्हा आहे, हे सातवी-आठवीच्या मुलांना शिक्षकांनी आडपडदा न ठेवता सांगितले पाहिजे.

मदत घेणाऱ्याच्या छायाचित्राचा विषय ह्याहून नाजूक आहे, आणि येथे थोडे थांबणे आवश्यक वाटते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात वाळवा, पलूस, मिरज व शिराळा ह्या तालुक्यांतील कृष्णा-वारणाकाठची असंख्य कुटुंबे घर सोडून निवाऱ्याला आली होती, आणि पुष्कळ ठिकाणी निवारा म्हणजे शाळाच होती. राज्यभरातून मदत आली. तिच्यामागील माणुसकी विसरता येणार नाही. पण पुडके हाती देताना कॅमेऱ्याकडे पाहावयास लावलेली माणसेही विसरता येत नाहीत. मदतीच्या पुडक्यांवर पुढाऱ्यांची छायाचित्रे चिकटविल्याबद्दल त्या वेळी टीका झाली. म्हणजे देणाऱ्याच्या चेहऱ्याविषयी बोलणे झाले. घेणाऱ्याच्या चेहऱ्याविषयी त्या मानाने कमी झाले. ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे नाव उलटून जी माणसे दगावली, त्यांच्या देहांची छायाचित्रेही फोनाफोनांतून फिरली. त्यांच्या घरच्यांना ती पुन्हा पुन्हा पाहावी लागली असतील, हा विचार पुढे पाठविणाऱ्यांपैकी कितीजणांनी केला?

शाळेत हाच प्रकार लहान प्रमाणावर नित्य चालतो. दाते वह्या, दप्तरे, स्वेटर, चष्मे आणतात. गरजू मुलांस रांगेत उभे करतात. वस्तू अर्धी दात्याच्या हाती, अर्धी मुलाच्या हाती असताना चित्र निघते, आणि ते निघेपर्यंत मुलाने ती घट्ट धरून तसेच राहावयाचे असते. त्या मुलाचा वर्गमित्र ते चित्र संध्याकाळी आपल्या वडिलांच्या फोनवर पाहतो व दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यावरून बोलतो. दात्यास पावती द्यावी, आभारपत्र द्यावे, वह्यांच्या गठ्ठ्यासह शाळेच्या फलकाजवळ त्याचे चित्र काढावे. मुलाचा चेहरा ही देणगीची पावती नव्हे. दाता रागावेल, पुढच्या वर्षी येणार नाही, ही भीती खोटी नाही. तथापि मुलांना न दाखविताही मदत करता येते, असे शांतपणे सांगितल्यावर बहुतेकांना ते पटते.

आता मुख्य अडचण. खेड्यात पालकास गुरुजींनी विचारले, ‘फोटो टाकला तर चालेल ना?’ तर उत्तर एकच येते: ‘तुम्ही म्हणाल तसं, गुरुजी.’ ही संमती नव्हे. हा आदर आहे, आणि काही वेळा भीडही आहे. आपले मूल ज्याच्या हाती आहे, त्याला नाही म्हणणे पालकाला जड जाते. म्हणून केवळ विचारल्याने कर्तव्य पुरे होत नाही. नाही म्हणण्याची वाट शिक्षकानेच पालकाला करून दिली पाहिजे. त्यासाठी पालकसभेत सर्वांसमोर हात वर करावयास सांगू नये. प्रवेशाच्या वेळी, एकेकट्या पालकाशी बोलताना, सोप्या शब्दांत सांगावे की शाळेत छायाचित्रे काढली जातात. काही कार्यालयाच्या नोंदीसाठी जातात, काही पालकांच्या गटावर, काही फेसबुक वा यूट्यूबवर, जी जगात कोणालाही दिसतात. प्रत्येकासाठी वेगळा हो किंवा नाही घ्यावा. ‘काही पालक नको म्हणतात आणि त्याने काही बिघडत नाही’ हे वाक्य शिक्षकाने आपण होऊन उच्चारावे. ह्या एका वाक्याने छापील नमुन्यापेक्षा अधिक काम होते. ज्यांना वाचता येत नाही त्यांना नमुना वाचून दाखवावा व अंगठा कशावर देत आहेत हे सांगावे.

शिक्षकांनी स्वतःचा अनुभव आठवला, तर ही गोष्ट चटकन उमगेल. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘आपले गुरुजी’ ह्या नावाने शिक्षकांची ए-४ आकाराची छायाचित्रे वर्गात लावण्याविषयी सूचना निघाल्या, तेव्हा शिक्षकांनी तीव्र नापसंती दर्शविली. आपला चेहरा आपणास न विचारता भिंतीवर टांगला जावा, हे कोणास आवडेल? त्याआधी नोव्हेंबर २०१६ मध्ये शालेय शिक्षण विभागाने असा निर्णय काढला होता की, जानेवारी २०१७ पासून शिक्षकांनी दर सोमवारी विद्यार्थ्यांच्या दहा-दहांच्या गटांसह सेल्फी काढून ती ‘सरल’ प्रणालीवर चढवावी. अनियमित मुले शाळेत टिकावीत, हा हेतू स्तुत्य होता. शिक्षकांचा विरोध झाला, आणि अंमलबजावणी स्थगित झाली. नेटवर्क नाही, वेळ जातो, फोन स्वतःचा वापरावा लागतो, ह्या तक्रारी रास्त होत्या. परंतु राज्यातील लहान मुलांचे चेहरे दर आठवड्यास गोळा करावयाचे, तर त्यांच्या आईबापांस विचारावे की नाही, हा प्रश्नही त्या निर्णयाच्या पोटात होता. तो शिक्षकांनीच उचलून धरावयास हवा होता.

कार्यालयाकडून छायाचित्रांची मागणी होत राहणार, हे गृहीत धरून चालावे. पण नोंदीसाठीचे चित्र व प्रसिद्धीसाठीचे चित्र ह्यांत शाळेने भेद करावा. पोषण आहाराचा पुरावा ताटांच्या रांगेवरून मिळतो. वृक्षारोपणाचा पुरावा रोपावरून व मातीने भरलेल्या हातांवरून मिळतो. वाचनाच्या तासाचे चित्र मुलांच्या पाठीमागून घेतले तर पुस्तके अधिक स्पष्ट दिसतात, आणि खरे सांगावयाचे तर अशी चित्रे अधिक चांगलीही येतात. कॅमेऱ्याकडे बघून ताठ उभ्या असलेल्या मुलांच्या चित्रात शिक्षण फारसे दिसत नाही. जेथे चेहरे हवेतच, तेथे चित्राखाली पूर्ण नावे घालू नयेत. मागितलेल्या अधिकाऱ्यासच ती पाठवावी. शेकडो सदस्यांच्या गटावर टाकणे म्हणजे कार्यालयास पाठविणे नव्हे. शिष्यवृत्ती परीक्षेत यश मिळविणाऱ्या मुलाचे चित्र गावच्या फ्लेक्स फलकावर लावावयाचे असले, तरी विचारावे, आणि खाजगी शिकवणीवाल्यांना ते परस्पर देऊ नये.

पालकाबरोबर मुलालाही विचारावे. सहा वर्षांच्या मुलालाही आपला फोटो नको असू शकतो. रडताना, शिक्षा भोगताना, पाठ अडखळताना, कपडे बदलताना काढलेले चित्र वा चित्रफीत गंमत म्हणूनही पसरवू नये. चुकीचे उत्तर देणाऱ्या मुलाची फीत लाखो लोक पाहतात व हसतात. ते मूल मोठे झाल्यावरही ती तेथेच असते.

एखाद्याचे छायाचित्र गैरवापरात आलेच, तर घाबरून ते लगेच पुसावयास लावू नये. प्रथम पुरावा जपावा: ते पान कसे दिसते ह्याचा स्क्रीनशॉट, त्याचा दुवा, दिनांक व वेळ. मात्र मुलाचे अश्लील चित्र असेल, तर त्याची प्रत पुरावा म्हणूनसुद्धा काढू वा कोणास पाठवू नये. दुवा लिहून घेऊन सरळ पोलिसांकडे जावे. तसे चित्र पुढे पाठविणे हाच गुन्हा आहे, आणि मुलाविरुद्धचा लैंगिक गुन्हा ठाऊक असून न कळविणे हाही पोक्सो कायद्याच्या कलम २१ प्रमाणे गुन्हा आहे. समाजमाध्यमाच्या कंपनीकडे तक्रार करण्याची सोय त्या ॲपमध्येच असते; नग्नता दाखविणारे वा बनावट केलेले चित्र पीडिताच्या तक्रारीवरून काढून टाकण्यास २०२१ च्या नियमांनी कंपन्यांना चोवीस तासांची मर्यादा घातली. सायबर गुन्ह्यांची तक्रार राष्ट्रीय संकेतस्थळावर किंवा १९३० ह्या क्रमांकावर, आणि संकटातील मुलासाठी मदत १०९८ ह्या क्रमांकावर मागता येते. मुलगी तक्रार घेऊन आली, तर ‘तू फोटो काढलासच कशाला?’ हा प्रश्न विचारू नये. ह्या प्रश्नाच्या धाकानेच पुष्कळ मुली गप्प राहतात आणि धमकावणाऱ्याचे फावते.

आजवर पाठविलेल्या चित्रांचे काय, हा प्रश्न शेवटी उरतोच. सर्व काही परत घेता येणार नाही. पण शाळेच्या स्वतःच्या पानावरचे व गटावरचे काढता येते. वर्षातून एकदा, उन्हाळी सुट्टीपूर्वी, मुख्याध्यापकांनी एका सहकाऱ्यासह बसून जुनी छायाचित्रे चाळावी आणि ठेवण्याचे कारण नसलेली पुसावी. ठेवावयाची ती शाळेच्या संगणकावर ठेवावी. शिक्षकाच्या खाजगी फोनमध्ये राहू देऊ नये, कारण शिक्षकाची बदली होते, फोन विकला जातो. चौथी किंवा सातवी उत्तीर्ण होऊन मूल दाखला घ्यावयास येते, तेव्हा सोबत पालक असतोच. दाखल्यावर सही करताना त्याच बैठकीत विचारावे, की शाळेच्या पानावर ह्याची एवढी छायाचित्रे आहेत. राहू द्यावीत की काढावीत? पालकाने काढा म्हटले, तर तो उठून जाण्यापूर्वी त्याच्यासमोर काढावीत, आणि समूहचित्राची एक छापील प्रत मुलाच्या हाती द्यावी.